सहा खोल्यांचा चकवा

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या जानेवारीत मुलुंडच्या मैदानावर भर जत्रेत मी माझा चकवा हरलो. सहाच्या सहा खोल्या, पाइप, पडदे, स्टुलं, सगळं. जुगारात नाही, पाटीवर. पाटी मीच रंगवली होती, त्यामुळे बोंब मारायलाही जागा नव्हती.

या अंकवाल्यांनी सांगितलं की धंद्यातले अनुभव लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कोकणात, तीही पावसाळे सोडून. तरी लिहितो. चुका निघाल्या तर तुमच्या, मी बरोबरच लिहितोय.

आधी धंदा सांगतो. आमच्याकडे रानातून चालताना माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तेव्हा त्याला चकवा लागला असं म्हणतात. तो चकवा भुताचा. माझा लोखंडी पाइपांचा आणि काळ्या मांजरपाटाचा. भांडुपहून टेम्पोत भरायचा आणि जिथे जत्रा तिथे उभा करायचा. बोरिवली, घाटकोपर, अंधेरी, चाळीस वर्षं.

आत खोल्या सहा. प्रत्येक खोली पाच फूट बाय पाच फूट. प्रत्येकीत एक स्टूल, एक पिवळा दिवा, एक कॅलेंडर. तुम्ही एका पडद्यातून आत येता, समोर दोन पडदे असतात, डावा आणि उजवा. कुठलाही घ्या, वाकडीतिकडी बोळ लागते आणि तुम्ही एका खोलीत पोचता. तिथे स्टूल, पिवळा दिवा, कॅलेंडर. पुन्हा डावा-उजवा. कंटाळलात की प्रत्येक खोलीत मागच्या बाजूला एक लाल पडदा आहे, तो उचलायचा आणि बाहेर यायचं. बाहेर मी टेबलावर बसलेलो. मी विचारायचं, "खोल्या किती होत्या?"

कुणी म्हणायचं चाळीस. कुणी साठ. विक्रोळीच्या एका लग्न झालेल्या जोडप्याचं आतच भांडण झालं, तो म्हणे तीस, ती म्हणे शंभर, आणि दोघं वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेली. सहा कुणीच म्हटलं नाही. म्हणजे अंदाजाने म्हणाले असतील, पण कशावरून म्हणून विचारलं की गप्प.

आता यात कारागिरी कुठे आहे ते लोकांना कळत नाही. सहा वेगळ्या खोल्या कुणीही बांधेल. सहा सारख्या खोल्या बांधून बघा. एक दिवा गेला की मी सहाही बदलायचो, कारण नवा दिवा जास्त पिवळा असतो. एकदा बोरिवलीला एका पोराने स्टुलाचा टवका उडवला. मी पटाशी घेऊन उरलेल्या पाच स्टुलांचे तसेच टवके उडवले, त्याच कोपऱ्यात, तेवढेच. एकदा तिसऱ्या खोलीत पाल येऊन बसली. तिला हाकलण्यात माझी अख्खी दुपार गेली. शेजारचा पाळणेवाला म्हणाला, काका, आणखी पाच पाली पकडा ना. मी विचार केला होता, खोटं कशाला सांगू.

पडदे माझ्या बायकोने, मंदाने शिवलेले. टाका एकसारखा हवा म्हणून मी तिला तीन वेळा उसवायला लावलं. तिसऱ्या वेळी ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. ते मी तेव्हा चुकलो. तिला तोंडावर सांगणं जमलेलं नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

दारावर नियमांची पाटी. मागे फिरायचं नाही. खूण करायची नाही. काही टाकायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. हे नियम मी घरी बसून काढलेले नाहीत. प्रत्येक नियमामागे एक माणूस आहे. घाटकोपरचा एक फरसाणवाला पहिल्याच वर्षी खिशात शेव घेऊन आत गेला आणि खोलीखोलीत चिमूट चिमूट सांडत सुटला. शेव दिसली की त्याला कळे, इथे आपण येऊन गेलोय. त्याने जवळजवळ मोजत आणलं होतं, पण मुंग्या लागल्या. दोन जावा होत्या, त्या वेगवेगळ्या खोल्यांत उभ्या राहून एकमेकींना हाका मारायच्या आणि आवाज किती लांबून येतो त्यावरून ठरवायच्या. असे सगळे चोर बघत बघत पाटी लांबत गेली.

तर त्या वर्षी, जत्रेच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला एक बाई एकट्याच आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, पायात बूट, खांद्याला झोळी. लेलेबाई. राहायला मुलुंडलाच, शिकवायला पवईला. पाटी त्यांनी दोनदा वाचली आणि हसल्या. मला राग आला. आत गेल्या आणि पाऊण तास बाहेर येईनात. मी उठून बघायला निघालो तेवढ्यात लाल पडद्यातून आल्या. चेहरा असा, की जसं कुणी लाडू भरवलाय.

मी विचारलं, "खोल्या किती?"

त्या म्हणाल्या, "काका, ते आतून कुणालाच सांगता येणार नाही. कधीच. मी तुम्हाला सिद्ध करून देते."

आता चाळीस वर्षं मी लोकांना हेच सांगत होतो, पण सिद्ध करून देते म्हणणारी पहिलीच. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

त्यांनी जत्रेच्या जाहिरातीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेनाने गोल काढले. त्यांच्या विषयाला शक्यतांचं तर्कशास्त्र म्हणतात. मला कळलं तसं सांगतो. जग म्हणजे जागा, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणाऱ्या वाटा. बोलणारा माणूस कायम कुठल्यातरी एका जागेवर उभा. त्याला फक्त दोनच तऱ्हेचं बोलता येतं. एक, इथून एखादी वाट अशी आहे की तिच्या टोकाला अमुक दिसतं. दुसरं, इथून कुठल्याही वाटेने गेलात तरी तमुक दिसणारच. बस. वर चढून नकाशा बघायची सोय नाही.

मी म्हटलं, म्हणजे माझं गिऱ्हाईक.

बाईंनी टेबलावर थाप मारली. म्हणाल्या, अगदी तुमचं गिऱ्हाईक. मग त्यांनी मला विचारून विचारून एका बाजूला माझ्या सहा खोल्या काढल्या, बाणांसकट. आणि दुसऱ्या बाजूला एकच गोल काढला, डावा बाण त्याच्यातून निघून त्याच्यातच परत, उजवाही तसाच. म्हणाल्या, या एका खोलीत आणि तुमच्या सहा खोल्यांत आतल्या माणसाला काडीचा फरक कळणार नाही.

मला घाम फुटला. "म्हणजे पाच खोल्या मी फुकट बांधल्या?"

"तर्काच्या हिशेबाने हो," बाई म्हणाल्या. "पण पाय दुखायला सहा हव्यात."

मी मानायला तयार नाही. मग त्यांनी खेळ लावला. शेजारच्या गाडीवरून बोरं आणली. एक बोर माझ्या सहांच्या नकाशावर, एक त्यांच्या एका गोलावर. मी माझं बोर डावीकडे नेलं की त्या त्यांचं डावीकडे नेणार, म्हणजे फिरवून तिथेच. मी उजवीकडे, त्या उजवीकडे. माझ्या बोराला असं काही दिसलं की जे त्यांच्या बोराला दिसत नाही, तर मी जिंकलो. मी तासभर खेळलो. मधे गिऱ्हाइकं येऊन गेली, मी बघितलं नाही. काय दिसणार? स्टूल, दिवा, कॅलेंडर. माझ्याच कारागिरीने मला हरवलं. शेवटी मी रागाने त्यांचं बोर खाऊन टाकलं.

मग बाईंनी पुढचं सांगितलं, आणि तिथे मला खरी गंमत वाटली. ही भाषा एवढी आंधळी आहे म्हटल्यावर त्यांच्या विषयातल्या लोकांनी तिला एकेक शब्द जोडला. कुणी म्हणालं, मागे वळून बघू द्या. कुणी म्हणालं, वाटा मोजू द्या. कुणी म्हणालं, "कुठेतरी" असं म्हणू द्या, मग तिथवर वाट असो नसो. आणि कुणी म्हणालं, जागेला नाव देऊ द्या. एकेक शब्द आला की भाषेची ताकद किती वाढते, आधी न दिसणारं काय दिसायला लागतं, हे मोजणं हाच त्यांचा धंदा.

"आणि तुमच्या पाटीवर," त्या म्हणाल्या, "आमचा अख्खा विषय उलटा लिहिलाय. आम्ही शब्द जोडत गेलो, तुम्ही खोडत गेलात."

मी विचारलं, मागे फिरू दिलं तर मी हरेन का? त्या म्हणाल्या, नाही. मागेही सगळं सारखंच आहे. वाटा मोजल्या तर? नाही, सगळीकडे दोनच. मग नाव? यावर त्या म्हणाल्या, "नाव दिलं की संपलं. एका खोलीला जरी ओळखता येईल असं नाव मिळालं, तरी सहाही उघड्या पडतील. तेवढं सांभाळा."

मी पाटीकडे बोट दाखवलं. खूण करायची नाही, दुसरा नियम.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, ते माझ्या डोक्यात बसलंय. एखाददुसऱ्या जागेला नाव दिलं तर भाषा आटोक्यात राहते. पण पावलोपावली "ही जी मी उभी आहे ती जागा" असं म्हणत खूण ठेवायची मुभा दिली, तर भाषेची ताकद एवढी वाढते की तिच्यात केलेलं प्रत्येक विधान कुठल्यातरी जगात खरं होऊ शकतं की नाही, हे ठरवून देणारं यंत्र बनूच शकत नाही. कितीही मोठं यंत्र आणा. मला हे पटलं. फरसाणवाल्याने असंच केलं होतं, आणि शेवटी मुंग्याच झाल्या.

बाई गेल्या आणि माझ्या डोक्यात हवा शिरली. पवईहून सिद्ध होऊन आलंय म्हटल्यावर काय. मी जत्राभर फिरून सांगितलं. कोंबडीवड्याच्या गाडीवाल्याला सांगितलं, पाळणेवाल्याला सांगितलं, मौत का कुआवाल्याला मोटारसायकल बंद करायला लावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचा डबा आणला आणि पाटीखाली नवी ओळ रंगवली, नियमांपेक्षा मोठ्या अक्षरांत : खोल्या किती ते पटवून सांगा, चकवा घेऊन जा.

मंदा जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने अक्षरं लावून लावून वाचलं आणि मालवणीत म्हणाली, "शिरा पडली त्या पाटयेर. तुमका गप बसाक काय जाता?"

शिरा पडली म्हणजे वाटोळं होवो. मी तिला सांगितलं की हे गणिताने सिद्ध झालंय, तुला कळायचं नाही. ती म्हणाली, चाळीस वर्षांचं पोट एका ओळीवर टांगायला गणित लागत नाही, गाढवपणा पुरतो. हे ती मराठीत म्हणाली, म्हणजे खरीच चिडली होती.

खरं सांगायचं तर त्या ओळीने धंदा दुप्पट झाला. कॉलेजची पोरं कागद-पेन घेऊन येत होती, डोकी धरून बाहेर पडत होती. मी खुर्चीवर मागे रेलून बसायचो, राजासारखा.

रविवारी दुपारी लेलेबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांची आई बरोबर होती. पंच्याऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, हातात काठी, गुडघे गेलेले. त्या आल्या होत्या आंबोळी खायला. आंबोळी झाली आणि म्हणाल्या, शुभा, तू चार दिवस त्या कसल्या खोल्यांचं कौतुक करतेयस, मला बघू दे. बाई म्हणाल्या, आई, चालावं लागतं. आई म्हणाल्या, मग काय उचलून नेतेस?

बाईंनी नवी ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. काका, हे कशाला, असं काहीतरी म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या भरवशावर. दोघी आत गेल्या.

मी टेबलावर. कापडापलीकडचं मला सगळं ऐकू येतं, चाळीस वर्षांचा कान आहे. दोन डावे पडदे झाले, एक उजवा झाला, आणि आजींचा आवाज आला की माझे गुडघे संपले, मी इथेच बसते, तू ये फिरून. स्टूल सरकलं. अडकित्ता वाजला. मी मनात म्हटलं, बसू दे म्हातारीला. बसायचं नाही असा नियम कुठाय?

मग बाईंची पावलं. उजवा पडदा. थोड्या वेळाने आणखी एक पडदा. आणखी. मग आजी :

"एवढ्यात आलीस?"

बाईंची पावलं थांबली. मग बाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग मोठ्याने, मग असं की कापड हलायला लागलं.

"आई, उठू नकोस. काहीही झालं तरी उठू नकोस."

"मी कशाला उठते? सुपारी संपायची आहे माझी."

मला तेव्हाच कळलं. खूण केली नव्हती, काही टाकलं नव्हतं, हाक मारली नव्हती. पण एका खोलीला नाव मिळालं होतं. नऊवारीतलं, अडकित्त्यासकट.

बाई आता पद्धतशीर निघाल्या. आईपासून उजवा, उजवा, उजवा. मी बोटं मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आजी : "पुन्हा आलीस? बरं आहे ना तुला?" मग एका खोलीतून डावा पडदा आणि तिथून पुढे उजवे मोजत परत आईपर्यंत. मग दुसऱ्या खोलीतून डावा. दर थोड्या वेळाने आजींचा आवाज. "आलीस?" "अगं, कितीदा?" "शुभे, लहानपणी अशीच फिरायचीस, मला घेरी आणायचीस." बाहेर लोक गोळा झाले. कोंबडीवडेवाला गाडी सोडून आला. कापडामागे पळणारी पावलं, हसू आणि आजींची तक्रार, आणि दर वेळी बाहेरची गर्दी आजींच्या बरोबरीने म्हणायला लागली, "आलीस?" मी एकटा घामाघूम. खोटं नाही बोलणार, घाम पुसता पुसता मीही हसत होतो. असं सुंदर कुणी माझा चकवा कधी चाललं नव्हतं.

लाल पडद्यातून दोघी आल्या. बाईंचे केस विस्कटलेले, श्वास लागलेला.

मी विचारलं, आवाज घट्ट ठेवून, "खोल्या किती?"

"सहा."

"कशावरून?"

"उजवा पडदा सहा वेळा घेतला की आई. त्याआधी नाही. म्हणजे मधली एकही खोली दोनदा आली नाही, नाहीतर मी तिथल्या तिथेच फिरत राहिले असते, आईपर्यंत पोचलेच नसते. सहा तरी आहेतच. आता सातवी का नाही? सहांपैकी प्रत्येकीतून डावा घेतला आणि तिथून उजवे मोजले. प्रत्येक खोलीत उजवी बोळ एकच येऊन मिळते, त्यामुळे आई किती उजव्यांवर आहे त्यावरून कुठली खोली ते कळतं. दर वेळी त्या सहांतलीच निघाली."

पटलं. पटलं म्हणजे असं पटलं की जसा सुतारकामात सांधा खटकन बसतो. मी उभा राहिलो.

बाईंना तोवर कळलं होतं काय झालंय ते. त्या म्हणाल्या, काका, ते पाटीचं मनावर घेऊ नका, आई दमली म्हणून बसली, मी काही ठरवून केलं नाही. मी म्हटलं, पाटी माझ्या हाताची आहे. त्या म्हणाल्या, मला तो नको. मी म्हटलं, तुम्हाला नको असेल, पण तो तुमचा आहे. त्या म्हणाल्या, मी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते, आणखी सहा कुठे ठेवू? मी म्हटलं, तो मालकिणीचा प्रश्न आहे. लोक समजवायला लागले, तसा मी आणखी घट्ट झालो. माझा स्वभावच तसा आहे. आजी तेवढ्या एकट्या माझ्या बाजूने होत्या. म्हणाल्या, "शुभा, माणूस शब्द पाळतोय, त्याला पाळू दे. पत्ता सांग."

मंदाला मी घरी जाऊन सांगितलं. मला वाटलं रडेल. ती भाकरी थापत होती. विचारलं, बाई कशी आहे? मी म्हटलं, हुशार. ती म्हणाली, मग बरं झालं, कुणीतरी हुशार मालक मिळाला त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी टेम्पो भरला आणि मंदाला घेऊन मुलुंड पूर्वेला बाईंच्या सोसायटीच्या फाटकात उभा राहिलो. वॉचमनने वर फोन लावला की मॅडम, आपके छे कमरे आये हैं. सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवर खाली आले आणि याला परवानगी कुठल्या नियमाखाली द्यायची म्हणून विचारायला लागले. गॅलरीतून आजी ओरडल्या की गाड्या ऑफिसला गेल्यावर जागा मोकळीच असते, लावू द्या. मी पार्किंगमध्ये दोन तासांत चकवा उभा केला. शेवटचा हूक लावला, बाईंना नमस्कार केला आणि म्हटलं, घ्या, सांभाळा.

बाई म्हणाल्या, काका, वर जा, आईबरोबर चहा घ्या, मंदाताईंना इथे राहू दे. अर्ध्या तासाने खाली आलो तर म्हणतात, आता तुम्ही आत जा.

"मी? मी बांधलाय तो."

"मालकीण सांगतेय."

गेलो. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून. स्टूल, दिवा, कॅलेंडर. डावा घेतला. स्टूल, दिवा, कॅलेंडर. उजवा, उजवा, डावा. पाचव्या-सहाव्या पडद्यानंतर डोकं हलकं झालं, पाळण्यात बसल्यासारखं. स्टुलाचा टवका मीच उडवलेला, आणि हे कुठलं स्टूल ते मला सांगता येईना. मी मोठ्याने हसलो, एकटाच. बऱ्याच वेळाने लाल पडदा उचलून बाहेर आलो.

बाई टेबलाशी बसल्या होत्या, माझ्या खुर्चीवर. "खोल्या किती?"

"सहा," मी ठासून सांगितलं.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मीच बांधल्यात."

"चार," बाई म्हणाल्या.

मी मंदाकडे बघितलं. ती तोंडात सेफ्टीपिना धरून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मागे जाऊन बघितलं तर दोन खोल्या चारही बाजूंनी पिना लावून बंद, आणि बोळींचे पडदे उरलेल्या चारांत फिरवून जोडलेले. टाका असा एकसारखा की मलाही सापडला नसता.

मी चपला नीट घातल्या आणि परत आत गेलो.